गाडी एका कंपनीची, इंजिन भलत्याच कंपनीचं? जुन्या गाडीतलं अनोळखी इंजिन असं ओळखतात

जुनी जीप विकायला आहे. आरसी बुकात इंधन पेट्रोल लिहिलंय, पण बॉनेट उघडल्यावर आत डिझेल इंजिन दिसतं. विकणारा सांगतो, "ओरिजिनल आहे साहेब, वडिलांच्या वेळेपासून हेच आहे." सोबत आलेला मेकॅनिक म्हणतो, "मॅटाडोरचं वाटतंय." तिसरा कुणीतरी मोबाइलवर फोटो बघून छातीठोकपणे सांगतो, "प्यूजो!"

तिघांपैकी बरोबर कोण? हे कळण्याआधी पैसे दिले तर पुढे तीन ठिकाणी अडकायला होतं. एक, सुटे भाग: इंजिन कुठलं हे माहीत नसेल तर साधं हेड गॅस्केटही मागवता येत नाही. दोन, किंमत: मूळ इंजिन असलेली जुनी गाडी आणि इंजिन बदललेली गाडी यांच्या भावात मोठा फरक पडतो. तीन, कायदा: इंजिनावरचा नंबर आरसीशी जुळत नसेल तर गाडी नावावर होताना अडते. इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं तर प्रकरण पोलिसांपर्यंत जातं.

चांगली गोष्ट म्हणजे इंजिन स्वतःची ओळख अंगावर घेऊनच फिरत असतं. ती कुठे शोधायची आणि त्यातल्या कशावर किती विश्वास ठेवायचा, एवढं कळलं पाहिजे.

इंजिनं बदलली का जायची?

जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली. शेव्हरोले, ब्युइक अशा गाड्या तिथून देशभर गेल्या. स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण बदललं. इथेच भाग बनवायची तयारी नसलेल्या कंपन्यांना नुसती जुळणी करत राहणं कठीण झालं आणि १९५४ मध्ये हा कारखाना बंद झाला. आयातीवरची बंधनंही कडक होती.

कंपनी गेली, पण गाड्या रस्त्यावरच होत्या. इंजिनाचा ब्लॉक तडकला, क्रँकशाफ्ट तुटला, तर मालकापुढे दोनच वाटा उरायच्या: गाडी भंगारात काढा किंवा मिळेल ते इंजिन बसवा. बहुतेकांनी दुसरी वाट धरली.

पुढे १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल खूप महागलं. मोठ्या अमेरिकन गाड्या आणि जिपा पेट्रोलवर चालवणं परवडेना. मग त्यांत डिझेल इंजिनं बसू लागली. चेन्नईच्या सिम्पसन कंपनीत बनणारी पर्किन्स इंजिनं, टेम्पोची, ट्रॅक्टरची, जी हाताला लागतील ती. माउंटिंग कापून नवी वेल्ड करायची, बेलहाउसिंगला जोडपट्टी बनवून घ्यायची आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची.

त्यामुळे भारतातल्या जुन्या गाडीत परकं इंजिन सापडणं यात नवल काही नाही. नेमकं कुठलं, एवढाच प्रश्न उरतो.

'कुठलं' या शब्दाचे दोन अर्थ

शोध सुरू करण्याआधी एक गोंधळ दूर करायला हवा. इंजिन कुठलं, असं विचारताना त्यात दोन प्रश्न असतात: त्याचं डिझाइन कुठलं आणि ते प्रत्यक्ष बनलं कुठे?

अॅम्बेसेडर हे याचं सोपं उदाहरण. गाडीचा मूळ साचा इंग्लंडमधल्या मॉरिस ऑक्सफर्डचा. तिचं ओळखीचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, म्हणजे बीएमसीच्या 'बी सिरीज' घराण्यातलं. पण गाडी बनली कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात. प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसी इंजिन फियाट ११०० चं, म्हणजे इटलीतल्या तोरिनोचं डिझाइन, पण पद्मिनी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडायची. महिंद्राच्या जिपांमध्ये आलेलं एक्सडीपी डिझेल इंजिन प्यूजोचं, म्हणजे फ्रेंच डिझाइनचं, पण बनायचं भारतात परवान्यावर.

म्हणून ब्लॉकवर भारतीय कंपनीचं नाव दिसलं म्हणजे इंजिन पूर्णपणे भारतीय, असा अर्थ काढता येत नाही. आणि इंग्रजी इंजिनासारखं दिसतंय म्हणजे ते इंग्लंडहून आलं, असंही नाही. सुटे भाग शोधायचे तर डिझाइन महत्त्वाचं. गाडी मूळ स्वरूपात आहे का हे ठरवायचं तर बनण्याचं ठिकाण आणि साल महत्त्वाचं.

पायरी पहिली: आधी बघा, मग हात लावा

साफसफाईच्या आधी चारही बाजूंनी आणि वरून फोटो काढा. जुन्या तेलाच्या थराखाली रंगाचे अवशेष, खडूच्या खुणा, एखादी पत्र्याची पाटी असं काहीही असू शकतं. ते एकदा पुसलं गेलं की परत मिळत नाही.

मग या गोष्टी टिपून ठेवा:

- सिलिंडर किती? एका रांगेत की इंग्रजी व्ही आकारात?
- स्पार्क प्लग आहेत की डिझेलचे इंजेक्टर?
- कार्बोरेटर आणि सायलेन्सरकडे जाणारा मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत की समोरासमोर?
- डिस्ट्रिब्युटर, तेलाचा फिल्टर, डिझेलचा पंप कुठल्या बाजूला आहेत?
- व्हॉल्व्ह कुठे आहेत?

यातला शेवटचा प्रश्न सगळ्यांत जास्त माहिती देतो. जुन्या काळी अनेक इंजिनांचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या शेजारी असायचे. अशा 'साइड व्हॉल्व्ह' इंजिनाचं हेड म्हणजे जवळजवळ सपाट झाकण, वर फक्त स्पार्क प्लग. व्हॉल्व्ह हेडमध्ये असतील तर वर रॉकरचं पत्र्याचं किंवा अॅल्युमिनियमचं कव्हर दिसतं.

विलीजच्या जिपेत हा फरक छान दिसतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जिपेचं 'गो डेव्हिल' इंजिन साइड व्हॉल्व्हचं होतं. त्यानंतर आलेल्या 'हरिकेन' इंजिनात हवा आत घेणारा व्हॉल्व्ह हेडमध्ये गेला आणि धूर बाहेर टाकणारा ब्लॉकमध्येच राहिला. दोन्ही इंजिनं २१९९ सीसीचीच, पण हरिकेनची उंची वाढली. ते मावावं म्हणून सीजे-३बी जिपेचं बॉनेट उंच करावं लागलं. महिंद्रानं वर्षानुवर्षं बनवलेली उंच बॉनेटची जीप ती हीच. म्हणजे फक्त वरून बघून या दोन भावांमधला फरक सांगता येतो, एकही नंबर न वाचता.

पायरी दुसरी: दोन प्रकारचे नंबर, दोन वेगळे अर्थ

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. इंजिनावर नंबर दिसला की लोक त्याचा फोटो टाकून विचारतात, "हे कुठलं इंजिन?" पण इंजिनावर दोन जातींचे नंबर असतात.

पहिला उठावाचा. वितळलेलं लोखंड साच्यात ओततानाच तो साच्यातून उमटतो. अक्षरं बाहेर आलेली, कडा जराशा ओबडधोबड. हा ओतकामाचा नंबर. एकाच साच्यातून निघालेल्या हजारो ब्लॉकवर तोच असतो. तो इंजिनाचं घराणं सांगतो.

दुसरा ठोकलेला. ओतकामानंतर घासून गुळगुळीत केलेल्या छोट्या सपाट जागेवर पंचानं एकेक आकडा ठोकलेला असतो. अक्षरं आत गेलेली. हा इंजिन नंबर, आरसी बुकात येतो तो. तो एका विशिष्ट इंजिनाचा असतो, माणसाच्या आधार क्रमांकासारखा.

ही सपाट जागा बहुतेक वेळा हेड आणि ब्लॉकच्या सांध्याजवळ, डिस्ट्रिब्युटरच्या आसपास, पाण्याच्या पंपाजवळ किंवा गिअरबॉक्सच्या टोकाला असते. ग्रीस आणि रंगाच्या थराखाली ती सहज लपते.

काही कंपन्यांचे नंबर वाचायला शिकलं की बरंच कळतं:

- शेव्हरोलेच्या अनेक ब्लॉकवर ओतकामाची तारीख असते. आधी महिन्याचं अक्षर (ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असं पुढे), मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. 'सी १४ ९' म्हणजे १४ मार्च, साल ९ वर संपणारं. ते १९३९ की १९४९, हे इंजिनाच्या बाकीच्या खुणांवरून ठरवावं लागतं.
- फोर्डच्या १९५० नंतरच्या भागांवर सुरुवातीचं अक्षर दशक सांगतं: बी म्हणजे पन्नाशीचं, सी म्हणजे साठीचं, डी म्हणजे सत्तरीचं. पुढचा आकडा त्या दशकातलं वर्ष. 'सी८' म्हणजे १९६८ साठी आखलेला भाग.
- बीएमसीच्या इंजिन नंबरात सुरुवातीचे आकडे बहुधा इंजिनाचा आकार सांगतात. '१८जी' मध्ये १८ म्हणजे १८०० सीसी आणि जी म्हणजे एमजी.

नावातले आकडेही फसवतात. पर्किन्स '४.१०८' म्हणजे चार सिलिंडर आणि १०८ घन इंच आकारमान. प्यूजो 'एक्सडीपी ४.९०' म्हणजे चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर. लिहायची पद्धत सारखीच, अर्थ वेगळा. कंपनी कळल्याशिवाय आकड्याचा अर्थ लावू नये, तो यासाठी.

आणखी एक सावधगिरी: ओतकामाचा नंबर त्या भागाचा असतो. हेडवरचा नंबर हेडची ओळख सांगतो, ब्लॉकची नव्हे. जुन्या गाड्यांत एका इंजिनाचा ब्लॉक आणि दुसऱ्याचं हेड, असा संसार सर्रास आढळतो. म्हणून नंबर नेहमी ब्लॉकवरचा धरायचा.

पाटीवर विश्वास किती?

बॉनेटखालची रिव्हेट मारलेली पाटी दिसायला अधिकृत दिसते, पण तिचे चार रिव्हेट उडवून ती दुसरीकडे लावणं पाच मिनिटांचं काम आहे. रॉकर कव्हरवरचं कंपनीचं नावही तसंच. कव्हर दोन-चार बोल्टवर बसतं, ते बदललं की नाव बदललं.

स्टार्टर, डायनॅमो, डिस्ट्रिब्युटर यांच्यावरच्या नावांचंही तेच. ल्युकास म्हणजे ब्रिटिश, डेल्को-रेमी म्हणजे अमेरिकन, मॅग्नेटी मारेली म्हणजे इटालियन, बॉश म्हणजे जर्मन, हा ढोबळ अंदाज ठीक. पण ल्युकासचे भाग भारतातही बनले आणि बॉशचे भाग 'मायको' नावानं बंगळुरूत बनायचे. शिवाय हे भाग सगळ्यांत आधी खराब होतात आणि सगळ्यांत आधी बदलले जातात. त्यांची साक्ष घ्यावी, पण निकाल त्यांच्यावर देऊ नये.

पायरी तिसरी: कुठला पाना बसतो?

आता ब्लॉकला लागलेले मूळ बोल्ट बघा. नंतर ठोकलेले नकोत, आतले, सहसा कुणी हात न लावलेले.

मिलिमीटरचा पाना चपखल बसला तर इंजिन बहुधा युरोपातलं किंवा जपानी. इंची पाना बसला तर अमेरिकन किंवा ब्रिटिश. जुन्या ब्रिटिश गाड्यांत मात्र साधा इंची पानाही बसत नाही, कारण तिथे 'व्हिटवर्थ' मापाचे नटबोल्ट असायचे. त्यांच्या आट्यांचा कोन ५५ अंश, तर अमेरिकन आट्यांचा ६० अंश. १९४८ साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी एकच समान माप ठरवलं आणि त्यानंतर ब्रिटिश गाड्याही हळूहळू त्याकडे वळल्या. त्यामुळे आट्यांच्या मापावरून देशासोबत काळाचाही अंदाज येतो.

इथे एक गमतीदार अपवाद आहे. फ्रान्सच्या हॉचकिस कंपनीनं पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला कारखाना काढला होता. युद्धानंतर तिथे मॉरिससाठी इंजिनं बनू लागली आणि १९२३ मध्ये मॉरिसनं तो कारखानाच विकत घेतला. यंत्रं फ्रेंच, त्यामुळे आटे मेट्रिक. पण इंग्लंडमधल्या मेकॅनिककडे पाने व्हिटवर्थचे. तोडगा असा निघाला की बोल्टचं डोकं व्हिटवर्थचं ठेवायचं आणि आटे मेट्रिक. हा विचित्र संसार पुढे तीसेक वर्षं चालला आणि एमजीच्या जुन्या टी मालिकेतल्या गाड्यांपर्यंत पोचला. आज असा बोल्ट हाती लागला तर तो अडचण करतो, पण इंजिन कुठून आलं याचा पक्का पुरावाही देतो.

पायरी चौथी: मोजमाप, जे खोटं बोलत नाही

नंबर घासता येतो, पाटी बदलता येते, रंग मारता येतो. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव मात्र लोखंडात कोरलेली असते. व्यासाला गॅरेजमध्ये 'बोअर' आणि धावेला 'स्ट्रोक' म्हणतात. ही दोन मापं मिळाली की आकारमान काढता येतं:

बोअर × बोअर × ०.७८५४ × स्ट्रोक × सिलिंडरची संख्या

मापं सेंटिमीटरमध्ये घेतली तर उत्तर थेट सीसीमध्ये येतं. समजा बोअर ९ सेंमी, स्ट्रोक ८.३ सेंमी, सिलिंडर चार. उत्तर २११२ सीसी. हे प्यूजो एक्सडीपी ४.९० चं आकारमान.

भारतात वारंवार भेटणाऱ्या काही इंजिनांची मापं अशी (बोअर × स्ट्रोक, मिलिमीटरमध्ये):

- विलीज गो डेव्हिल आणि हरिकेन: ७९.४ × १११.१, २१९९ सीसी
- मॉरिसचं साइड व्हॉल्व्ह (हिंदुस्थान लँडमास्टर आणि सुरुवातीच्या अॅम्बेसेडर): ७३.५ × ८७, १४७६ सीसी
- बीएमसी बी सिरीज (नंतरच्या अॅम्बेसेडर): ७३ × ८८.९, १४८९ सीसी
- फियाट ११०० आणि प्रीमियर पद्मिनी: ६८ × ७५, १०८९ सीसी
- निस्सान ए१२ (प्रीमियर ११८ एनई): ७३ × ७०, ११७१ सीसी
- इसुझु पेट्रोल (काँटेसा आणि अॅम्बेसेडर १८००): ८४ × ८२, १८१७ सीसी
- प्यूजो एक्सडीपी ४.९० डिझेल (महिंद्रा): ९० × ८३, २११२ सीसी

या यादीत एक गंमत आहे. ८८.९ हा आकडा मिलिमीटरमध्ये अवघडलेला वाटतो, पण तो बरोबर साडेतीन इंच आहे. १११.१ म्हणजे ४ पूर्णांक ३/८ इंच. उलट फियाटचे ६८ आणि ७५ मिलिमीटरमध्ये पूर्ण येतात. म्हणजे माप कुठल्या पट्टीवर पूर्ण येतं, यावरूनही इंजिन इंचांच्या देशातलं की मिलिमीटरच्या, याचा अंदाज बांधता येतो.

मोजताना कुठे चूक होते?

पहिली चूक बोअरची. झिजलेलं इंजिन दुरुस्त करताना सिलिंडर आतून थोडा मोठा करतात आणि मोठा पिस्टन टाकतात. यालाच 'बोअर मारणं' म्हणतात. पद्मिनीचा ६८ मिलिमीटरचा सिलिंडर ६८.६ झाला तर आकारमान १०८९ वरून सुमारे ११०९ सीसी होतं आणि यादीत शोधणारा चकतो. स्ट्रोक मात्र क्रँकशाफ्टवर ठरतो, बोअर मारल्यानं बदलत नाही. म्हणून शंका आली तर स्ट्रोकवर जास्त भर द्यावा.

दुसरी चूक स्ट्रोक मोजताना होते. सगळे स्पार्क प्लग काढायचे, बॅटरी सोडायची, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, प्लगच्या भोकातून सरळ सळई पिस्टनवर टेकवायची आणि इंजिन हातानं हळू फिरवायचं. सळई सर्वांत वर आणि सर्वांत खाली असतानाच्या खुणांमधलं अंतर म्हणजे स्ट्रोक. पण भोक तिरकं असेल तर माप चुकतं. साइड व्हॉल्व्ह इंजिनात प्लग अनेकदा पिस्टनच्या वर नसतोच, व्हॉल्व्हच्या बाजूला असतो. आणि अनेक जुन्या डिझेल इंजिनांत इंजेक्टरचं भोक थेट सिलिंडरमध्ये न उघडता एका छोट्या कोठडीत उघडतं. अशा वेळी हेड उतरवल्याशिवाय खरं माप मिळत नाही. मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा भोकातून आत सोडून पिस्टनच्या डोक्यावर कोरलेलं माप किंवा कंपनीची खूण वाचता येते का, हे आधी बघावं.

ब्रिटिश इंजिन असेल तर मापांमागे आणखी एक कहाणी असते. तिथे अनेक दशकं गाडीवरचा कर फक्त बोअर आणि सिलिंडरच्या संख्येवरून ठरायचा. व्यासाचा इंचांमधला वर्ग, गुणिले सिलिंडर, भागिले अडीच, एवढी 'हॉर्सपॉवर' धरायची. स्ट्रोकचा हिशेबच नाही. साहजिकच कंपन्यांनी बारीक व्यासाची, लांब धावेची इंजिनं काढली. मॉरिस एटसारख्या नावांतले आकडे याच कराचे. त्यामुळे बोअर बारीक आणि स्ट्रोक बराच लांब निघाला तर १९४७ च्या आधीच्या ब्रिटिश डिझाइनकडे बोट दाखवता येतं.

पायरी पाचवी: सिलिंडर पेटण्याचा क्रम

प्लगच्या वायरी कुठल्या क्रमानं जोडल्या आहेत हेही बघावं. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत क्रम १-३-४-२ असतो. विलीज, बीएमसी, फियाट सगळी याच क्रमाची, त्यामुळे एवढ्यावरून ती वेगळी काढता येत नाहीत. पण क्रम १-२-४-३ निघाला तर पर्याय झपकन कमी होतात. फोर्डच्या मॉडेल टी आणि मॉडेल ए चा क्रम हाच.

सगळं एकत्र कसं जुळवायचं?

सुरुवातीच्या जिपेकडे परत येऊ. समजा ब्लॉकवरचे मूळ बोल्ट मिलिमीटरच्या पान्यानं निघाले. म्हणजे डिझाइन पर्किन्ससारखं ब्रिटिश असण्याची शक्यता कमी झाली. डिझेल पंपावर 'मायको' लिहिलंय, पण त्यातून एवढंच कळतं की पंप भारतात बनला. हेड उतरवल्यावर बोअर ९०.५ आणि स्ट्रोक ८३ मिलिमीटर भरला. बोअर अर्धा मिलिमीटर जास्त, म्हणजे एकदा बोअर मारलाय. स्ट्रोक मात्र अचूक. ब्लॉकवरचा उठावाचा नंबर त्याच घराण्याच्या दुसऱ्या खात्रीच्या इंजिनाशी जुळला. आता हे एक्सडीपी ४.९० आहे असं म्हणता येतं आणि फोटो बघून 'प्यूजो' म्हणणारा बरोबर ठरतो.

पण विकणाऱ्याचं "ओरिजिनल" अजून सिद्ध झालेलं नाही. आरसीत पेट्रोल आहे, त्यामुळे हे इंजिन नंतर बसवलेलं आहे. कधी आणि कुठून आणून बसवलं, याचं उत्तर ठोकलेल्या नंबरावर आणि कागदांवर अवलंबून राहतं.

नियम सोपा ठेवावा: एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन साक्षी जुळल्या तरच नाव घ्यायचं. रचना, मापं आणि ओतकामाचा नंबर हे तिघं सर्वांत भरवशाचे. बाहेरचे भाग, रंग आणि पाटी यांचा क्रमांक शेवटी.

नंबरावर ग्राइंडर चालवू नका

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. नंबर नीट दिसावा म्हणून काही जण त्या जागेवर पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर फिरवतात. त्यानं ठोकलेले आकडे उथळ होतात आणि नंतर बघणाऱ्याला वाटतं, नंबर मुद्दाम घासलाय. रॉकेल, जुना ब्रश आणि कापड एवढं पुरेसं आहे. जुन्या गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे कोरडं खरवडून धूळ उडवू नये, ओलं करूनच साफ करावं.

नंबर खरोखर घासलेला दिसला तर तिथेच थांबावं. पंच ठोकताना आकड्याखालचा धातूही दाबला जातो. त्यामुळे वरचा थर घासला तरी न्यायवैद्यक तज्ज्ञ रसायन लावून पुसलेले आकडे अनेकदा परत वर आणू शकतात. घरी प्रयोग करून ती शक्यता घालवू नये.

कागद कुठे मिळतात?

जुन्या ब्रिटिश गाड्यांसाठी इंग्लंडमधल्या गेडनचं ब्रिटिश मोटर म्युझियम उपयोगी पडतं. ऑस्टिन, मॉरिस, एमजी अशा कंपन्यांच्या उत्पादनाच्या नोंदी तिथे आहेत आणि शुल्क भरून दाखला मिळतो. रोल्स-रॉइससाठी तिथल्या उत्साही मालकांच्या क्लबकडे चेसीनुसार जुनी कार्डं जपलेली आहेत. संस्थानिकांनी मागवलेल्या अनेक गाड्यांची मूळ माहिती अशा कार्डांवरून कळते. भारतात व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या संस्थांमधले जाणकार प्रत्यक्ष इंजिन बघून मदत करू शकतात.

माहिती विचारताना एकच फोटो न पाठवता ब्लॉकच्या दोन्ही बाजू, उठावाचा नंबर, बोअर-स्ट्रोक आणि पान्याचं माप एवढं एकदम पाठवलं तर उत्तर लवकर आणि बरोबर येतं. ठोकलेला इंजिन नंबर मात्र सोशल मीडियावर उघडा टाकू नये. तोच नंबर दुसऱ्या इंजिनावर ठोकला जाण्याचा धोका असतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल गाडीत करता येत नाही. इंजिन बदललेलं असेल तर त्याची आरटीओत रीतसर नोंद हवी. म्हणून व्यवहाराआधी आरसीवरचा नंबर स्वतः ब्लॉकवर वाचून ताडून बघावा, विकणाऱ्यानं पाठवलेल्या फोटोवरून नाही.

केंद्र सरकारनं २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त काळ झालेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्या त्यात येतात. त्यांना 'व्हीए' अक्षरं असलेला खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. मात्र अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसावेत. म्हणजे बॉनेटखालचं इंजिन कुठलं, या प्रश्नावर आता गाडीची ओळखही ठरते.

इंजिन मूळ नाही निघालं तर?

तर ते लगेच भंगारात घालू नये. मूळ इंजिन सापडेपर्यंत गाडी त्याच इंजिनावर उभी राहणार आहे. शिवाय ते दुसऱ्या कुणाच्या गाडीचं हरवलेलं मूळ इंजिन असू शकतं. त्याचे नंबर, मापं आणि फोटो एका फाइलमध्ये ठेवावेत, कुठे काय जोडलंय याची टिपणं करावीत आणि गाडी विकली तर ती फाइल गाडीसोबत द्यावी. मग पुढच्या मालकाला "वडिलांच्या वेळेपासून हेच आहे" एवढ्या एका वाक्यावर पैसे मोजावे लागणार नाहीत.